चूक झाली की पहिल्यापासून

त्या दिवशी मी फक्त एक मोठा पांढरा कागद, चार टाचण्या आणि एक लाल पेन आणायला बाहेर पडले होते. दुकानदाराने कागदाची सुरळी करून तिला रबर लावलं, मी ती काखेत मारली आणि तशीच वाद्यं दुरुस्त करणाऱ्या काकांच्या दुकानात शिरले. त्यांच्याकडून दुकानावरच्या माळ्याची किल्ली घ्यायची होती. यात घाबरण्यासारखं काही नव्हतं, हे तुम्हीही मान्य कराल.

कागद वेळापत्रकासाठी होता. बेचाळीस दिवसांनी संगीत विद्यालयात गिटारच्या कनिष्ठ शिक्षकाची निवड होणार होती. जागा एकच. तीन परीक्षकांसमोर चार पानांची एक रचना पाठ वाजवायची. गेल्या वर्षी त्यांना कुणीच पसंत पडलं नव्हतं, म्हणून यंदा तीच जागा आणि तीच रचना पुन्हा होती. न पसंत पडलेल्यांत मीही होते. दुसऱ्या पानावर चुकले, "माफ करा" म्हणून पहिल्यापासून सुरू केलं, तिथेच चुकले, पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या खेपेला मधल्या परीक्षक बाईंनी घंटी वाजवली. त्या दिवशी त्या खोलीत नेमका सूर लागला तो त्या घंटीचा.

"ही शेवटची खेप," बाबांनी यंदा बजावलं होतं. "जमलं तर आनंद आहे. नाही जमलं तर आपलं चष्म्याचं दुकान कुठे पळून जात नाही."

दुकान पळून जात नव्हतं हेच तर दुःख होतं. भिंतीवरच्या लहान लहान होत जाणाऱ्या अक्षरांकडे काठी दाखवून "ही ओळ दिसते का? आणि ही?" असं विचारत मी म्हातारी होणार, या विचारानेच माझ्या हाताला घाम सुटायचा. मी संगीतासाठी जन्मले होते. आणि माझं ठाम मत होतं की प्रतिभा वगैरे सगळं थोतांड आहे. माणसं मागे राहतात ती वेळापत्रक नसल्यामुळे.

घरी सराव शक्य नव्हता. ताई बाळाला घेऊन राहायला आली होती आणि बाळ दुपारी दोन ते चार झोपायचं. त्या वेळात आमच्या घरात पाण्याचा पेलासुद्धा टेबलावर टेकायच्या आधी परवानगी मागायचा.

"दोन ते चार मी जेवायला घरी जातो," काका किल्ली देताना म्हणाले. "शटर अर्धं ओढून घेईन. तुला वर कुणी त्रास देणार नाही." मग त्यांनी सरसाचा ब्रश उचलला. "आणि पोरी..."

"काय?"

"काही नाही. खिडकी उघडी ठेव. कोंदट होतं."

माळ्यावर जायला लाकडी जिना होता. वर एकच लांबट खोली. दोन्ही भिंतींना खिळे आणि खिळ्यांना दुरुस्तीची वाट पाहणारी वाद्यं टांगलेली: पोट फुटलेल्या गिटारी, मान मोडलेली व्हायोलिनं, भात्याला ठिगळ लावलेली एक पेटी. खिडकीच्या फळ्यांतून उन्हाच्या पट्ट्या जमिनीवर पडायच्या आणि त्यांत लाकडाचा भुसा तरंगायचा. सरसाचा, पॉलिशचा वास. खाली गल्लीत दुपार इतकी शांत असायची की कुठल्या तरी घरातला नळ टपकताना ऐकू यायचा. मी बोलले की भिंतीवरच्या सगळ्या तारा एकदम बारीकशा गुणगुणायच्या. टांगलेल्या वाद्यांचं तसं होतंच. तरी पहिल्या दिवशी मी "बापरे" म्हटलं आणि चाळीस वाद्यांनी माझ्यामागून "बापरे" म्हटलं, तेव्हा दाराकडे एकदा बघून घेतलं.

मग कागद भिंतीला टाचला. बेचाळीस चौकटी आखल्या. दोन ते दोन-दहा बोटं मोकळी करणं. दोन-दहापासून तीन-पन्नासपर्यंत रचना. उरलेल्या दहा मिनिटांत उजव्या हाताची नखं घासणं, कारण वाकडं नख तारेवर मांजरासारखं ओरडतं. आणि सगळ्यात वर, लाल पेनाने, ठसठशीत अक्षरांत:

नियम क्रमांक एक: चूक झाली की पहिल्यापासून.

मला तो नियम फार सुंदर वाटला. त्यात तडजोड नव्हती. मला तडजोडीचा मनापासून राग होता.

पहिले दोन दिवस बरे गेले. पहिलं पान गुळगुळीत झालं. दुसऱ्या पानावर चुकत होते आणि इमानाने मागे येत होते. तिसऱ्या दिवशी वर गेले तर आदल्या दिवशीच्या चौकटीत, माझ्या लाल खुणेशेजारी, पेन्सिलीची एक बारीक खूण होती. चौथ्या दिवशी खुणेखाली अक्षरं होती. बारीक, तिरकी, एकसारखी.

"२.१७ वाजता चूक. २.१९ वाजता पुनश्च. नोंद घेण्यात आली आहे."

मी संतापले. काका असा भोचकपणा करतील असं वाटलं नव्हतं. पेन घेतला आणि खाली लिहिलं, "दुसऱ्याच्या कागदावर लिहू नये."

पाचव्या दिवशी उत्तर होतं. "सूचना वाचली. तथापि प्रस्तुत वेळ व प्रस्तुत नियम हे दोन्ही अधोस्वाक्षरीकर्त्याचे असल्याने हरकत मान्य करता येत नाही. कळावे."

खाली सही मात्र नव्हती.

त्या दिवशी दोन-सतराला मी दुसऱ्या पानावर चुकले आणि हात थांबला. खोलीत आधी तो वास आला. सरसाचा नव्हे, पॉलिशचाही नव्हे. गरम लाखेचा. पाकिटावर ओतून मोहोर उठवतात ती लाख. मग शेवटच्या खिळ्यावर, जुन्या कापडात गुंडाळलेली एक गिटार होती, तिथून कुणीतरी उसासा टाकला. अगदी दमलेला, नाकातून सोडलेला उसासा. आणि कापडाच्या आतून रचना सुरू झाली. पहिल्या पानाची पहिली ओळ.

माझ्या मानेवरचा केस न् केस उभा राहिला. पण खरं सांगते, मी पळाले नाही. माझ्या वेळापत्रकात घाबरण्यासाठी चौकट नव्हती आणि दोन-वीस झाले होते. मी उठले, चवड्यांवर चालत गेले आणि कापड बाजूला केलं. वादन थांबलं. गिटारच्या अंगावर लांब चीर होती. वरच्या तीन तारा नव्हत्याच. उरलेल्या तीन इतक्या सैल होत्या की बोटाने ओढल्या तर लोंबल्या.

मी मात्र सहाच्या सहा तारा ऐकल्या होत्या. सुरात.

चार वाजता काका आले तेव्हा मी शटरखाली उभी होते.

"काका, वर कोण असतं?"

"वर? वर कोण असणार..." त्यांनी माझ्याकडे न बघता कुलूप टेबलावर ठेवलं. "काय झालं?"

"शेवटच्या खिळ्यावरची गिटार कुणाची?"

काका स्टुलावर बसले. हनुवटी खाजवली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पोस्टातल्या साहेबांची. रजिस्टर पत्रांच्या खिडकीवर होते. दुपारी खिडकी दोन तास बंद असायची, तेव्हा इथे यायचे. अठरा वर्षं. एकच गाणं वाजवायचे. तू वाजवतेस तेच."

"अठरा वर्षं एकच?"

"पुरं कुठे वाजवायचे? जरा चुकलं की पहिल्यापासून. जरा चुकलं की पहिल्यापासून. मी म्हणायचो, अहो साहेब, पुढे जा की. तर म्हणायचे, चुकीची नोंद ठेवून पुढे कसं जायचं? एकदा न चुकता शेवटाला पोचलो की शांतपणे घरी जाईन."

"आणि... इथेच गेले?"

"छे गं! घरी गेले. न्यूमोनियाने. अगदी व्यवस्थित गेले, सगळे कागद आवरून." काका जरा दुखावल्यासारखे दिसले. "इथे काही नव्हतं. सहा वर्षं झाली, एक आवाज नाही. तू असं काय केलंस वर?"

"मी फक्त वेळापत्रक लावलं. आणि नियम."

"कुठला नियम?"

मी सांगितला. काका स्टुलावरून ताडकन उठले. "अगं बाई," ते म्हणाले, "तू त्यांना बोलावणंच धाडलंस."

शहाण्या माणसाने त्या दिवशी कागद फाडला असता. पण मी आदर्शवादी होते. हा माणूस अठरा वर्षं एका नियमाला जागला होता. माझ्या ओळखीत असं दुसरं कुणी नव्हतं. बाबा तर वर्तमानपत्रसुद्धा मधूनच वाचायला लागतात. मला त्या साहेबांबद्दल भीतीपेक्षा आदर जास्त वाटला, आणि त्या आदराने माझे तेवीस दिवस खाल्ले.

कारण झालं असं, की नियम आता आम्हा दोघांना लागू झाला. मी चुकले की मी पहिल्यापासून. ते चुकले की तेही पहिल्यापासून. आणि ते चुकले की मी आपोआप चुकायचे, कारण कापडाच्या आत कुणी अचानक थांबलं तर जिवंत माणसाची बोटं अडखळतात. मी चुकले की तिकडे उसासा. ते चुकले की इकडे उसासा. कोण कोणाला छळतंय, हे परक्या माणसाला सांगता आलं नसतं. त्यात पेन्सिलीचे शेरे चालूच. "करंगळी निष्काळजी." "नखे अपुरी घासलेली. खुलासा करावा." एकदा मी रागाने "तुम्हीही तिसऱ्या पानावर चुकलात" असं लिहिलं, तर दुसऱ्या दिवशी त्याखाली नम्रपणे "मान्य" असं होतं. ते वाचून मला उगाच वाईट वाटलं.

अठ्ठाविसाव्या दिवशी ताईने विचारलं, "ए शहाणे, शेवट कसा आहे गं त्या गाण्याचा? रोज सुरुवातच गुणगुणत असतेस."

मला शेवट माहीतच नव्हता. म्हणजे कागदावर माहीत होता, बोटांना नव्हता. चौथं पान मी एकदाही वाजवलं नव्हतं. अठ्ठावीस दिवसांत एकदाही. चौदा दिवस उरले होते आणि माझं पहिलं पान जगात कुणाचं नसेल इतकं सुंदर झालं होतं.

मी ताईला सगळं सांगितलं. आधी ती हसली, मग माझा चेहरा बघून थांबली, मग बाळ दचकून उठेल म्हणून तोंडावर पदर दाबून पुन्हा हसली.

"म्हणजे तू आणि ते मेलेले साहेब मिळून महिनाभर चौकातच फिरताय?"

"हसू नकोस. मी उद्या नियम मोडणार आहे. पुढे जाणार."

दुसऱ्या दिवशी दोन-सतराला मी चुकले आणि थांबले नाही. पुढची ओळ घेतली. लगेच लाखेचा वास इतका दाट झाला की डोळ्यांत पाणी आलं. उन्हाच्या पट्ट्या जमिनीवर होत्या तशाच होत्या, पण खोली थंड पडली. मी वाजवत राहिले. समोरच्या स्टँडवरची पानं, खिडकी बंद असताना, एकेक करून उलटी पलटली. चौथं, तिसरं, दुसरं... पहिलं वर आलं. मी हाताने पुढे केली. ती परत आली. मी कोपराने दाबून धरली. टण्णकन माझी पहिली तार तुटली आणि गालाला लागली. भिंतीवरची चाळीस वाद्यं एका सुरात गुणगुणली आणि त्या गुणगुणीतून, कानाच्या अगदी मागे, कुणीतरी कुजबुजलं.

"पहिल्यापासून..."

"नाही," मी म्हटलं.

"नोंद... राहील..."

"राहू दे!"

यानंतर मात्र मी पळाले. जिन्याच्या तीन पायऱ्या मला लागल्याच नाहीत.

"तू भांडतेस कशाला?" ताई गालाला औषध लावत म्हणाली. "सरकारी माणूस आहे तो. त्याला भांडण समजत नाही. त्याला लेखी दे. वरून आदेश आल्यासारखं."

"वरून म्हणजे कुठून? तेच आता वर आहेत."

"शिक्का मार एखादा. शिक्का दिसला की कोण वर आणि कोण खाली हे कुणी बघत नाही. तुझ्या भावोजींच्या ऑफिसात बघते ना मी."

घरात शिक्का एकच होता, बाबांच्या दुकानाचा. पावतीवर मारायचा. मी नवा कागद घेतला आणि माझ्या आयुष्यातलं पहिलं परिपत्रक लिहिलं. "विषय: सरावाच्या पद्धतीत बदल. नियम क्रमांक एक आजपासून रद्द समजावा. यापुढे सराव शेवटच्या ओळीपासून सुरू होईल. रोज एकेक ओळ मागची जोडली जाईल. झालेली चूक पेन्सिलीने खूण करून तिथेच सोडावी व पुढे जावे. संबंधितांनी अंमलबजावणी करावी." आणि खाली बाबांचा शिक्का हाणला. निळ्या शाईत उमटलं: एकदा नेलेला माल परत घेतला जाणार नाही.

तिसाव्या दिवशी तो कागद मी टाचला आणि पाठ भिंतीला लावून बसले. बराच वेळ काही झालं नाही. खाली कुणाचा तरी नळ टपकत होता. मग परिपत्रकाचा खालचा कोपरा, कुणी चिमटीत धरून वाचावा तसा, हळूच वर उचलला गेला. वाचणारा शिक्क्यापाशी बराच वेळ थांबला असावा. मग कोपरा सोडला गेला.

कोपऱ्यात अक्षरं उमटली. पेन्सिल दिसली नाही, अक्षरंच दिसली. "वाचले. पूर्वी असे कळविले असते तर बरे झाले असते."

आम्ही शेवटच्या ओळीपासून सुरुवात केली.

ते बारा दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे. आधी शेवटची ओळ, मग तिच्यामागची जोडून, मग तिच्याही मागची. दर वेळी वाजवत वाजवत ओळखीच्या मुलखात शिरायचं, अनोळखी मुलखात नाही. चुका व्हायच्या, खूण व्हायची, आम्ही पुढे. सुरुवातीला प्रत्येक चुकीनंतर कापडाच्या आत एक घुसमट व्हायची, जशी शिंक दाबल्यावर होते. मग तीही कमी झाली. याच दिवसांत मी अर्ज भरला. दोन कोरे अर्ज आणले होते, एक खाडाखोड झाली तर असावा म्हणून. एक भरून टाकला. दुसरा माळ्यावर ठेवला होता, तो नंतर सापडला नाही. घाईत मी काय कुठे ठेवते याचा मलाच भरवसा नाही, म्हणून शोधला नाही.

एक्केचाळिसाव्या दिवशी, तीन-चाळीसला, आम्ही दोघं पहिल्या ओळीपासून निघून शेवटच्या सुरावर एकाच वेळी पोचलो. नऊ चुका माझ्या, अकरा त्यांच्या. सूर विरत गेला. भिंतीवरच्या वाद्यांनीही तो जरा जास्तच वेळ धरून ठेवला. मी रडले. दुसऱ्या टोकालाही कुणीतरी नाक शिंकरलं.

कागदावर काही नव्हतं. मला वाटलं, गेले साहेब. शांतपणे घरी गेले. मी स्वतःलाच शाबासकी दिली.

निवडीच्या दिवशी विद्यालयाच्या लांब बोळात आम्ही उमेदवार बाकांवर बसलो होतो. माझा क्रमांक अठरा. सोळा नंबरचा मुलगा घाम पुसत बाहेर आला. शिपाईमामांनी पुकारलं, "सतरा!" कुणी उठलं नाही. "सतरा नंबर आहे का?" कुणीच नाही. दार मात्र आपलं आपण उघडलं आणि आतून कुणीतरी अदबीने लावावं तसं लागलं.

"वारा," शिपाईमामा म्हणाले.

बोळात एक झुळूकही नव्हती. होता तो लाखेचा वास.

मग आतून रचना सुरू झाली. मी बाक घट्ट धरला. पहिलं पान. दुसरं. तिसऱ्या पानाची दुसरी ओळ आली, जिथे ते अठरा वर्षं थांबले होते, आणि तिथेच ते चुकले. एक क्षण शांतता.

"पुढे..." मी पुटपुटले. "पुढे चला साहेब... पुढे..."

"अहो, पुढे काय चला," शेजारची मुलगी वैतागली. "सतरा आलाच नाहीये. आत नुसती शांतता आहे. तुम्हालाच बोलावतील आता."

आत साहेब पुढे गेले. शेवटपर्यंत.

त्यानंतर मी आत गेले. तिन्ही परीक्षक जरा पांढरे दिसत होते आणि पाणी पीत होते. मी दुसऱ्या पानावर चुकले. हात मागे जायला शिवशिवला. मधल्या बाईंचं बोट घंटीजवळ गेलं. मी चूक तिथेच सोडली आणि पुढे गेले, आणि तिसऱ्या पानापासून मला परीक्षक दिसेनासे झाले. शेवटचा सूर कुणाचीही परवानगी न मागता संपला.

संध्याकाळी यादी लागली. पहिला, क्रमांक सतरा. दुसरी, क्रमांक अठरा. एका गुणाने.

खाली लिहिलं होतं: पहिल्या उमेदवाराने उद्या पाच वाजेपर्यंत रुजू व्हावे, अन्यथा जागा दुसऱ्यास.

दुसऱ्या दिवशी बाबा माझ्याबरोबर कार्यालयात येऊन बसले. मांडीवर दुकानाच्या किल्ल्या.

"कोण हा सतरा?"

"माझ्याबरोबर सराव करायचे."

"त्याला येत होतं?"

"सुरुवात येत होती. शेवट मी शिकवला."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "म्हणजे जागा एक, आणि तू शेजारच्याला शिकवून तयार केलंस?"

"हो."

"धन्य आहेस," बाबा म्हणाले. पण किल्ल्या त्यांनी खिशात टाकल्या. थोड्या वेळाने दुसरीकडे बघत म्हणाले, "काल मी खिडकीखाली उभा होतो. तू चुकलीस तेव्हा मी डोळे मिटले. नंतर उघडायचे राहूनच गेले."

घड्याळात पावणेपाच. चार-पन्नास. चार-पंचावन्न. मला ती जागा हवी होती, फार हवी होती. आणि अठरा वर्षं दुपारचं जेवण सोडून आलेला माणूसही डोळ्यांपुढून हलत नव्हता. तो आला तर मी काय म्हणणार होते? तुम्ही जिवंत नाही, ही हरकत अर्जात कुठे बसते?

चार-अठ्ठावन्नला बोळातून पावलं आली. सावकाश, वहाणा घासत. टेबलापाशी थांबली. कारकुनाने मान वर न करता हात पुढे केला, कागद घेतला, शिक्का मारला, मग मान वर केली आणि समोर कुणीच नाही हे बघून माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही दिलात?"

मी नकारार्थी मान हलवली.

"सतरा नंबरने जागा सोडलीय," तो कागद वाचत म्हणाला. "लिहिलंय... 'अधोस्वाक्षरीकर्ता शेवटास पोचल्याने जागेची आवश्यकता उरलेली नाही. सबब क्रमांक अठरा यांची नेमणूक व्हावी. त्या घाई करतात, तथापि शिकवतात बऱ्या.'"

बाबा मोठ्याने हसले. मी हसत हसत रडले आणि चार-एकोणसाठला रजिस्टरवर सही केली.

गोष्ट इथे संपली असती तर मी तुम्हाला ती इतक्या खालच्या आवाजात सांगितली नसती.

सोमवारी माझा पहिला दिवस. टेबलावर माझ्या वर्गाच्या नव्या विद्यार्थ्यांचे प्रवेश अर्ज ठेवले होते. सगळ्यात वरचा अर्ज बारीक, तिरक्या अक्षरांत भरलेला. नाव: कोरं. वय: लागू नाही. पूर्वशिक्षण: अठरा वर्षे व बेचाळीस दिवस. सोयीची वेळ: दुपारी दोन ते चार. शिकू इच्छित असलेली रचना: तिचं नाव मी फक्त ऐकलं होतं. कपाटातून काढून बघितली. बासष्ट पानं.

मी डोक्याला हात लावला. मग हसूही आलं. साहेबांना आता मी ओळखत होते. मी पेन उचलला, "शेवटच्या ओळीपासून सुरू करू" असं समासात लिहिलं आणि मंजुरीची सही करायला अर्ज उलटला.

मागच्या बाजूला लहान मुलांच्या अर्जासाठी एक रकाना असतो. पालकाची सही. मोठी माणसं तो मोकळा सोडतात.

तो मोकळा नव्हता. तिथे सही होती, मोठी, खोल दाबलेली, कागद पलीकडून फुगवणारी. ते साहेबांचं अक्षर नव्हतं, साहेबांच्याही वरच्या कुणाचं तरी होतं. आणि शाई अजून ओली होती.